जिन आणि वनौषधींच्या लिकरचा शॉट : माप, थंडावा आणि वाढण्याची रीत

शॉटच्या छोट्या पेल्यात जेमतेम पन्नास मिलिलिटर पेय मावते, आणि म्हणूनच त्यात चूक लपत नाही. उंच पेल्यात जिन ओतून वर टॉनिक आणि बर्फ घातला, की माप पाच-दहा मिलिलिटरने इकडेतिकडे झाले तरी पिणाऱ्याला कळत नाही. शॉटमध्ये मात्र लिंबाचा रस चमचाभर जास्त पडला, तर जीभ फक्त लिंबूच ओळखते. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी महिन्यातून एखाद्या शनिवारी पाच-सहा मित्रमंडळी जेवायला जमतात, आणि गेली काही वर्षे जेवणाआधी प्रत्येकाला जिन आणि वनौषधींच्या लिकरचा, म्हणजे वनस्पतींचा अर्क उतरवलेल्या गोड मद्याचा, एकच शॉट देण्याची आमची पद्धत पडून गेली आहे. तो नीट जमायला मला बराच काळ लागला. या पेयाचे निम्मे यश बाटलीच्या नावात असते, असा माझा सुरुवातीचा समज होता. आता माझी खात्री झाली आहे, की ते मापात आणि थंडाव्यात असते, आणि पुढे जे लिहीत आहे ते मुख्यतः या दोन गोष्टींविषयी आहे.

कायद्याची बाजू आधी सांगते. महाराष्ट्रात जिनसारखे कडक मद्य विकत घेण्यासाठी व पिण्यासाठी वय २५ वर्षे पूर्ण असावे लागते आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा हा परवाना एका दिवसापुरता घेता येतो किंवा आजीव काढता येतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी दुकाने बंद असतात, तेव्हा पाहुण्यांना बोलावण्याची तारीख ठरवतानाच कॅलेंडर पाहून ठेवावे. घरी बोलावलेल्यांत पंचविशीच्या आतले कोणी असेल, तर त्यांच्यासाठी पुढे दिलेला बिनमद्याचा शॉट करावा.

आता हे दोन पदार्थ एकमेकांना का मानवतात, ते पाहू. जिनचा मूळ गंध जुनिपर या सदाहरित झुडपाच्या फळांचा असतो. आयुर्वेदात याच फळाला हपुषा म्हणतात, आणि गोव्यात तयार होणाऱ्या एका भारतीय जिनला ‘हपुसा’ हे नाव त्यावरूनच मिळाले आहे. तिच्यात हिमालयातले जुनिपर वापरतात. जुनिपरच्या जोडीला बहुतेक जिनमध्ये धणे, अँजेलिकाचे मूळ आणि लिंबाच्या किंवा संत्र्याच्या जातीच्या फळांची साल असते. हे सगळे मद्यार्कासह ऊर्ध्वपातित होते, म्हणजे वाफेच्या वाटेने जाते, त्यामुळे बाटलीत केवळ सुगंध उतरतो. रंग, कडवटपणा आणि गोडी मागेच राहतात. वनौषधींच्या लिकरची रीत बहुतेक वेळा याच्या उलट असते. मुळे, साली, बिया आणि पाने मद्यार्कात दिवसेंदिवस भिजत ठेवतात, आणि अर्क उतरला की त्यात साखर मिसळतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार कोणत्याही सर्वसाधारण लिकरमध्ये लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते. म्हणून लिकर दाट, गडद, गोड आणि त्यामागून हळूच कडू लागते.

ज्यांनी लहानपणी आजीच्या हातून दशमूलारिष्टाचा किंवा द्राक्षासवाचा चमचा घेतला आहे, त्यांना अशा लिकरचा पहिला घोट अगदीच परका वाटत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. चव थोडी ओळखीची निघाली, तरी दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत. आसव आणि अरिष्ट यांत धायटीच्या फुलांच्या मदतीने आंबवण होऊन थोडे मद्य आपोआप तयार होते, आणि ती औषधे वैद्याने सांगितलेल्या मात्रेत घ्यायची असतात. लिकर हे त्याहून कितीतरी कडक असे मद्यच आहे. ‘वनौषधी’ हा शब्द लेबलवर आहे म्हणून ते पचनाला चांगले, सर्दीला चांगले, असे पाहुण्यांना कोणीही सांगू नये. युरोपात जेवणानंतर ते पिण्याची प्रथा आहे, एवढेच खरे.

धणे, वेलची, दालचिनी, संत्र्याची साल अशा वस्तू जिन आणि लिकर या दोघांतही वारंवार आढळतात, आणि त्यांची मैत्री जमते ती या सामाईक मसाल्यांमुळे. जिन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, आणि सरळ. लिकर गोड आणि गुंतागुंतीची. नुसती लिकर दोन घोटांनंतर जड वाटू लागते, आणि नुसती थंड जिन काहीशी उघडी पडते. दोन्ही एकत्र केल्यावर जिन लिकरची गोडी सैल करते, लिकर जिनला अंग देते, आणि चमचाभर कागदी लिंबाचा रस या दोघांना जोडून घेतो.

बाटल्यांबद्दल बोलायचे तर आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारी वनौषधींची लिकर म्हणजे जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेल गावची येगरमायस्टर. दुकानात बहुतेक जण तिला नुसते ‘जेगर’ म्हणतात. कुर्ट मास्ट यांनी तिची कृती १९३४ मध्ये सिद्ध केली आणि १९३५ मध्ये ती बाजारात आली. तिच्यात ५६ वनस्पतिजन्य घटक असतात, मद्यार्काचे प्रमाण ३५ टक्के असते, आणि चक्रफूल, आले, दालचिनी व वेलची या चवी जिभेला वेगवेगळ्या ओळखता येतात. खाली दिलेले माप मी हिलाच धरून दिले आहे. फ्रान्समधल्या कार्थुसियन साधूंची हिरवी शार्त्रूझ ही या कुळातली सर्वांत मानाची बाटली आहे. १६०५ मध्ये त्यांच्या मठाला मिळालेल्या हस्तलिखितापासून तिची परंपरा सांगितली जाते, तिच्यात १३० वनस्पती असतात आणि मद्यार्क तब्बल ५५ टक्के असतो. साधूंनी उत्पादन मर्यादित ठेवण्याचे ठरवल्यापासून ती परदेशातही चटकन मिळत नाही. कोणी परदेशातून आणून दिली, तर मात्र ती या शॉटमध्ये जरूर वापरून पाहावी, फक्त प्रमाण कमी ठेवावे. मिलानची फर्नेट ब्रांका १८४५ पासूनची आहे, ३९ टक्क्यांची आहे आणि चांगलीच कडू आहे. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्यांना ती आवडते. विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते, आणि आमच्या कपाटातल्या निम्म्या लिकर अशाच कोणाच्या तरी प्रवासातून आल्या आहेत.

जिन निवडताना एकच पथ्य पाळावे. ती साधी, कोरडी, जुनिपरचा गंध स्पष्ट असलेली असावी. लेबलवर ‘लंडन ड्राय’ लिहिले असेल तर बहुधा चुकत नाही. गुलाबी, फळांच्या चवीची किंवा गोडसर जिन इथे नको, कारण गोडी आणि रंग दोन्ही लिकरमधून येणारच आहेत. नावात बॉम्बे असलेली सुप्रसिद्ध निळ्या बाटलीतली जिन इंग्लंडमधल्या हॅम्पशरमध्ये तयार होते. ती चांगली आहे, परंतु या शॉटसाठी तेवढा खर्च करण्याची गरज नाही. गोव्यातून २०१७ मध्ये आलेली ‘ग्रेटर दॅन’ ही लंडन ड्राय पद्धतीची जिन मी नेहमी वापरते, आणि तिच्यातला जुनिपर लिकरच्या गर्दीतही हरवत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक जिनच्या लेबलवर ४२.८ टक्के हा आकडा दिसतो. पुढचा हिशोब त्याच आकड्यावर केला आहे.

एका शॉटसाठी जिन २० मिलिलिटर, लिकर १५ मिलिलिटर, ताजा लिंबाचा रस ५ मिलिलिटर आणि थंड पाणी १० मिलिलिटर घ्यावे. एकूण ५० मिलिलिटर होते. फर्नेटसारखी कडू लिकर असेल तर ती १० मिलिलिटर घेऊन उरलेल्या ५ मिलिलिटरच्या जागी साखरेचा पाक घालावा. शार्त्रूझही १० मिलिलिटर पुरते, आणि तेव्हा पाणी १५ मिलिलिटर करावे. माप घेण्यासाठी ३० आणि ६० मिलिलिटरचे दुतोंडी पेग मेजर पुरेसे नसते, कारण त्यावर ५ आणि १५ च्या खुणा बहुधा नसतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारे छोटे पारदर्शक झाकण-माप स्वच्छ धुऊन ठेवावे, त्यावर २.५, ५ आणि १० च्या रेषा असतात आणि लिंबाच्या रसासाठी त्याहून अचूक साधन घरात सापडणार नाही. डोळ्यांनी माप घेण्याचा मोह पहिल्या फेरीत होत नाही, दुसऱ्या फेरीत होतो, आणि हात सैल पडतो तो नेमका तिथेच.

पाणी कशाला, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. बारमध्ये पेय बर्फावर हलवतात तेव्हा ते थंड होता होता बर्फ वितळून त्यात पाणीही मिसळत असते, आणि त्या पाण्याने मद्याचा चटका कमी होऊन सुगंध मोकळा होतो. आपण बाटली फ्रीझरमध्ये ठेवून थंड करतो तेव्हा हे पाणी मिसळतच नाही. म्हणून ते मोजून घालावे लागते. पाण्याशिवाय तोच शॉट एकदा आणि पाण्यासह एकदा शेजारी शेजारी चाखून पाहावा. पहिल्यात नाकाला मद्यार्क आधी लागतो, दुसऱ्यात धणे आणि संत्र्याची साल आधी लागते.

सहा जणांसाठी करायचे असेल तर आदल्या रात्री एका स्वच्छ, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत जिन १२० मिलिलिटर आणि लिकर ९० मिलिलिटर एकत्र करून ती फ्रीझरमध्ये ठेवावी. या मिश्रणात मद्यार्क सुमारे ३९ टक्के असतो, त्यामुळे घरगुती फ्रीझरच्या उणे १८ अंशांना ते गोठत नाही, फक्त किंचित दाट होते आणि तेलासारखे सावकाश ओतले जाते. पाणी मात्र त्यात आधी घालून ठेवू नये. पाण्यामुळे मद्यार्काचे प्रमाण तिशीपर्यंत उतरते आणि मग मिश्रणात बर्फाचे पातळ पापुद्रे धरू लागतात. पाण्याची बाटली वेगळी, फ्रिजच्या खालच्या खणात ठेवावी. लिंबाचा रसही आधी काढून ठेवू नये. तो काही तासांत शिळा आणि कडवट लागू लागतो.

लिंबे मी जांभळी नाक्याच्या बाजारातून आणते. पातळ सालीची, पिवळसर झालेली, हातात जड लागणारी कागदी लिंबे रसाला उत्तम असतात. कडक हिरव्या लिंबात रस कमी आणि तुरटपणा जास्त असतो. एका मध्यम लिंबाच्या रसात तीन ते चार शॉट सहज होतात. रस काढण्यापूर्वी लिंबू ओट्यावर तळहाताखाली दाबून गोल फिरवावे, कापावे, पिळावे आणि रस चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावा, कारण छोट्या पेल्यात लिंबाचा एक तंतूही ओठाला लागतो. कागदी लिंबाची साल वर पिळण्यासाठी मात्र उपयोगाची नसते, ती फार पातळ असते. त्यासाठी मोसंबे किंवा संत्रे घ्यावे.

पेले जाड बुडाचे, ५० ते ६० मिलिलिटरचे असावेत. ते धुऊन, पूर्ण कोरडे करून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच फ्रीझरमध्ये ठेवावेत, आणि किमान अर्धा तास ठेवावेत. एकदा मी गरम पाण्याने धुतलेले पातळ काचेचे चार पेले घाईघाईने तसेच आत ठेवले, आणि पाहुणे दारात उभे असताना त्यातले दोन तडकलेले निघाले. तेव्हापासून पेले दुपारीच आत जातात. ठाण्याच्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, फ्रीझरमधून काढलेल्या पेल्यावर क्षणात पांढरे दव धरते, आणि ते बोटाने पुसले की काचेवर स्वच्छ खिडकी उघडल्यासारखी रेघ उमटते. हे दव सुंदर दिसते, पण त्याने पेला निसरडाही होतो. म्हणून ताटलीत कापडी रुमाल अंथरून त्यावर पेले ठेवावेत, आणि पेला उचलताना तो बुडाशी धरावा, म्हणजे हाताची ऊब पेयाला कमी लागते.

पाहुणे बसले, पहिले बोलणे झाले, चकणा पुढे आला, की मगच फ्रीझर उघडावा. प्रत्येक पेल्यात आधी ५ मिलिलिटर लिंबाचा रस, मग १० मिलिलिटर थंड पाणी, आणि शेवटी बाटलीतले मिश्रण ३५ मिलिलिटर ओतावे. हा क्रम मुद्दाम आहे: दाट मिश्रण वरून पडताना खालचा रस आपोआप ढवळला जातो. तरीही लांब दांड्याच्या चमच्याने प्रत्येक पेल्यात एकदा हलकेच ढवळावे. कधी कधी पाणी मिसळताच पेय किंचित धुरकट दिसते. मद्यार्कात विरघळलेली सुगंधी तेले पाण्यामुळे सुटी झाल्याने ते घडते, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. मग मोसंब्याच्या सालीचा अंगठ्याएवढा तुकडा घेऊन त्याची रंगीत बाजू पेयाकडे करावी आणि तो पेल्याच्या वर दोन बोटांत चिमटावा. दिव्यासमोर पाहिले तर सालीतून बारीक तुषार उडताना दिसतात, ते तेल पेयाच्या पृष्ठभागावर पसरते, आणि पेला ओठांशी नेताना पहिला वास त्याचाच येतो. साल पेल्यात टाकू नये. तेवढी जागाच नसते.

आदल्या रात्रीची तयारी झाली नसेल तर बर्फावर हलवून करावे. घट्ट झाकणाची उभी स्टीलची बरणी किंवा शेकर घ्यावा, त्यात दोन शॉटचे साहित्य पाणी वगळून घालावे, मोठे बर्फाचे खडे वरपर्यंत भरावेत, झाकण दाबून धरावे आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवावे. स्टील बाहेरून बोटांना चटका बसेल इतके थंड झाले, की थांबावे. बर्फातून लागणारे पाणी आपोआप मिळालेले असते. गाळणीतून लगेच ओतावे. बर्फ घरच्या प्यायच्या पाण्याचाच लावावा. बाहेरून आणायची वेळ आली तर तो खाण्याचा असल्याची खात्री करावी. महाराष्ट्रात खाण्यास योग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे, तेव्हा निळसर झाक असलेल्या बर्फाला हातही लावू नये. बर्फाचे खडे भिजलेले आणि लहान असतील तर पेय थंड होण्याआधीच पातळ होते, म्हणून ते फ्रीझरमधून अगदी शेवटी काढावेत.

काही जणांना दोन थरांचा शॉट पाहायला फार आवडतो, आणि तो करणे वाटते तितके अवघड नाही. लिकरमध्ये साखर असल्याने ती जड असते, जिनमध्ये साखर नसल्याने आणि मद्यार्क जास्त असल्याने ती हलकी असते. तेव्हा लिकर खाली आणि जिन वर, हाच क्रम टिकतो. थंड पेल्यात २० मिलिलिटर लिकर ओतावी. लहान चमचा उलटा धरून त्याचे टोक पेल्याच्या आतल्या बाजूला, लिकरच्या अगदी वर टेकवावे, आणि चमच्याच्या पाठीवरून २० मिलिलिटर जिन धाग्याएवढ्या धारेने सोडावी. धार जाड झाली की थर मोडतो. जमले तर खाली गडद तपकिरी आणि वर पाण्यासारखा नितळ असा पट्टा दिसतो, आणि दोहोंच्या सीमेवर प्रकाशात एक हलती रेघ दिसते. यात लिंबू आणि पाणी घालू नये. चवीच्या दृष्टीने मला हा शॉट कमी प्रतीचा वाटतो, कारण पहिल्या घोटात नुसती जिन आणि शेवटी नुसती लिकर मिळते, आणि एकत्र येण्याने जे घडायचे ते तोंडातच घाईने घडते. शिवाय तो बराच कडकही आहे.

किती कडक, हे आकड्यांत पाहिलेले बरे. पाणी व लिंबू घातलेल्या पहिल्या शॉटमध्ये जिनमधून ८.५ मिलिलिटर आणि लिकरमधून ५.२५ मिलिलिटर, असा मिळून पावणेचौदा मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. थरांच्या शॉटमध्ये तोच सुमारे १२ ग्रॅम होतो. आपल्याकडचा ३० मिलिलिटरचा स्मॉल पेग ४२.८ टक्क्यांच्या मद्याचा असेल तर त्यात १० ग्रॅम असतात. तेव्हा पेला बोटभर उंचीचा दिसला तरी तो एका स्मॉल पेगहून थोडा जास्तच आहे, हे यजमानाने लक्षात ठेवावे आणि पाहुण्यांनाही सांगावे. थंडीने आणि गोडीने मद्याचा चटका झाकला जातो, त्यामुळे एकामागून एक घेतले तर किती झाले ते शरीराला उशिरा कळते. आमच्याकडे जेवणाआधी एक आणि फार तर जेवणानंतर एक, एवढेच शॉट केले जातात, आणि दोहोंच्या मध्ये प्रत्येकापुढे पाण्याचा तांब्या असतो. ज्यांना झोपेची, मधुमेहाची किंवा कोणतीही नियमित औषधे चालू आहेत, ज्यांना यकृताचा त्रास आहे, किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांना आग्रह तर नाहीच, विचारणाही करू नये. त्यांच्यापुढे बिनमद्याचा पेला थेट ठेवावा.

हा बिनमद्याचा शॉट मी इतक्या आस्थेने करते, की पिणारेही अनेकदा तो मागून घेतात. एक कप पाण्यात पाऊण कप साखर, एक चमचा धणे, एक चमचा बडीशेप, दोन ठेचलेल्या वेलची, चक्रफुलाची एक पाकळी, ज्येष्ठमधाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि गवती चहाची दोन पाती घालून पाच मिनिटे मंद उकळावे, झाकून वीस मिनिटे मुरू द्यावे आणि गाळावे. चक्रफूल एका पाकळीपेक्षा जास्त घालू नये, ते बाकी सगळ्यांना दाबून टाकते. हा पाक फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. पेल्यात १५ मिलिलिटर पाक, १० मिलिलिटर लिंबाचा रस आणि २५ मिलिलिटर अगदी थंड पाणी घालावे, वरून मोसंब्याची साल तशीच पिळावी. पेला तोच, दव तेच, वास जवळपास तोच; त्यामुळे कोण पितो आणि कोण पीत नाही, याची चर्चाच होत नाही. दोन्ही प्रकारचे पेले एकाच ताटलीत मात्र कधी ठेवू नयेत. मी बिनमद्याच्या पेल्यांखाली हिरवा रुमाल घालते, आणि ही खूण आमच्याकडे येणाऱ्या सर्वांना माहीत आहे.

चकण्यासाठी खारट आणि तेलकट पदार्थ चांगले जुळतात, कारण लिकरच्या गोडीला ते आवर घालतात. कोथिंबीर वडी या शॉटबरोबर विशेष शोभते. जिनमधले धणे आणि वडीतली कोथिंबीर एकाच झाडाचे, हे जिभेला बरोबर कळते. भाजलेले शेंगदाणे, कांदा न घातलेले चणे, रव्यात घोळवून तळलेल्या बोंबलाचे तुकडे, हेही उत्तम. गोड पदार्थ किंवा गोड चटणी सोबत नको. रिकाम्या पोटी तर शॉट देऊच नये; दोन वड्या पोटात गेल्यावरच पेला पुढे करावा.

पेला हातात आल्यावर आधी वास घ्यावा, लहानसा पहिला घोट जिभेवर क्षणभर धरावा, आणि उरलेले पेय पाच मिनिटांच्या आत दोन-तीन घोटांत संपवावे. त्याहून रेंगाळले तर पेय कोमट होते आणि गोडी वर येते. एका दमात घशाखाली लोटण्याची पद्धत बारमध्ये रूढ आहे, पण एवढ्या वनस्पतींचा अर्क चव न घेताच गिळायचा असेल, तर तो करण्याचे कष्ट कोणी घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

परत जाण्याची व्यवस्था पाहुणे येण्यापूर्वीच ठरलेली असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एका शॉटने ही मर्यादा ओलांडली जाणार नाही, असा हिशोब कोणीही करू नये, कारण शरीरागणिक आणि पोटातल्या अन्नागणिक तो बदलतो. आमच्याकडे ऐरोली, कळवा आणि घोडबंदर रस्त्याच्या टोकाकडून येणारे मित्र गाडी घरीच ठेवून येतात आणि जाताना एकच टॅक्सी करून वाटेत एकेकाला सोडत जातात. जो गाडी आणतो, त्याचा पेला हिरव्या रुमालावरचा.

उरलेले मिश्रण झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये परत ठेवावे. लिंबू आणि पाणी त्यात गेलेले नसल्याने ते महिनाभर तसेच चांगले राहते. बाटलीवर चिकटपट्टी लावून काय आहे आणि कधी केले, ते मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि घरात लहान मुले असतील तर ती बाटली फ्रीझरऐवजी कुलपाच्या कपाटात ठेवून पुढच्या वेळी आदल्या रात्रीच गारठवायला काढावी. पेले त्याच रात्री धुवावेत. लिकरमधली साखर सुकली की बुडाशी तपकिरी चिकट कडे धरते, आणि मग ते कोमट पाण्यात भिजत ठेवल्याशिवाय निघत नाही.